जुन्या नक्षीवरून हाताने ग्लेझ्ड टाइल्स करायच्यात: नक्षी कुठून घ्यावी, तंत्र कुठलं वापरावं?

मृण्मयी_पेठ

नमस्कार मंडळी. आमच्या वाड्याच्या जागी बिल्डिंग झाली, ताबा मिळाला, आणि ओट्यामागची भिंत मी मुद्दाम कोरी ठेवून घेतलीये. बिल्डरकडच्या माणसाने मोरबीच्या छापील टाइल्सचा कॅटलॉग दाखवला, त्यात 'मोरोक्कन' म्हणून एक, 'अँटिक' म्हणून एक, दोन्हीकडे तोच आठ पाकळ्यांचा निळा तारा. नको म्हटलं. पॉटरी मी करतेच, स्टुडिओतली इलेक्ट्रिक भट्टी भाड्याने मिळते, तर टाइल्स स्वतःच करायच्या ठरवल्यात. भिंत १० फूट बाय २ फूट, ६ इंची टाइल धरली तर ८० नग. शिवाय देवघराच्या मागे एक छोटा पट्टा.

अडलंय ते नक्षीपाशी. नेटवर शोधलं की सगळं तुर्की नाहीतर पोर्तुगीज येतं. मला आपल्याकडचं काहीतरी हवंय. पैठणीचे मोर, वाड्यातलं लाकडी कोरीवकाम, जाळ्या, ठिपक्यांची रांगोळी असे ढिगाने फोटो जमवलेत, पण यातलं काहीही ६ इंचाच्या चौकोनात बसवलं की लग्नपत्रिकेसारखं दिसतं. कुणी असं काम केलंय का? कुठून सुरुवात करावी?

पेठी_खवट

आपल्याकडे चकचकीत टाइल्स होत्या कधी? वाड्यात जमीन शेणाने सारवलेली, भिंतीला चुना, फार झालं तर शहाबादी फरशी. पेशव्यांनी टाइल्स लावल्याचं ऐकिवात नाही. त्यामुळे 'ऐतिहासिक मराठी टाइल' हा प्रकारच मुळात नाही, तो तुम्हीच करणार आणि मग पुढच्या पिढीला परंपरा म्हणून सांगणार. करा, माझी हरकत नाही, फक्त मोर नको. रिक्षापासून उदबत्तीच्या पुड्यापर्यंत सगळीकडे मोर आहेच.

दख्खनी_भटक्या

खवटराव पेशव्यांपुरतं बरोबर बोलतायत, पण पुण्याच्या बाहेर पडा की जरा. देवगिरीला गेलात तर चांदमिनार सगळेच बघतात, त्या मिनाराला बहमनी काळात ग्लेझ्ड टाइल्स होत्या. किल्ल्यात वर चढताना चिनी महाल लागतो, गोवळकोंड्याचा शेवटचा राजा तानाशहा १६८७ नंतर जिथे कैदेत होता तो. नाव पडलं तेच भिंतीवरच्या निळ्या-पिवळ्या टाइल्समुळे. आता अगदी थोडे तुकडे उरलेत, पण महाराष्ट्रातलेच आहेत.

आणि एकदा बिदर कराच. बहमनी वजीर महमूद गवानचा मदरसा, १४७२ सालचा. सतराव्या शतकाच्या शेवटी दारूच्या स्फोटात दर्शनी बाजूचा मोठा भाग उडाला, तरी उरलेल्या भिंतीवर आणि मिनारावर निळा, पांढरा, हिरवा, पिवळा अजून टिकून आहे. किल्ल्यात रंगीन महाल आहे, तिथे टाइल्सही आहेत आणि काळ्या दगडात शिंपला जडवलेला भागही. हैदराबादला चारमिनारच्या जवळ बादशाही आशूरखाना (मोहरमचं शोकगृह), त्यातलं टाइलकाम १६११ पर्यंत पूर्ण झालं. १९०८ च्या मुसीच्या पुरात खालच्या भागाची बरीच हानी झाली, पण जे आहे ते बघून डोळे फिरतात. मोहरीसारखा पिवळा दख्खनी टाइल्समध्ये जसा येतो तसा मला इराणी टाइल्सच्या फोटोंत नाही दिसला (हे माझं मत, भांडू नका).

मृण्मयी_पेठ

वा, चिनी महाल मी पाहिलाय आणि भिंतीकडे लक्षच गेलं नव्हतं! फोटो असतील तर टाका ना. पण भटक्याभाऊ, बिदरचं तसंच्या तसं ओट्यामागे लावायचं का? तिथे अक्षरांचे पट्टे आहेत, मोठमोठी कमान आहे. माझ्याकडे मधोमध चिमणीचा पाइप आहे.

भट्टीवाला

मी टाइल्सचंच काम करतो म्हणून जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

ताई, तुम्ही चित्र आधी शोधताय आणि ते कसं करायचं ते नंतर ठरवणार आहात, सगळा घोळ तिथे होतो. जुन्या टाइल्सवरची नक्षी तशी का दिसते, तर ती ज्या रीतीने केली त्या रीतीला तेवढंच जमत होतं म्हणून. आशूरखान्यातलं काम म्हणजे एकेका रंगाच्या पाट्या भाजायच्या, त्या छिन्नीने, कानशीने कापायच्या आणि तुकडे जुळवायचे. प्रत्येक रंगाची भट्टी वेगळी, त्यामुळे एकही रंग दुसऱ्यात मिसळत नाही आणि कड चाकूसारखी येते. लाहोरच्या किल्ल्याची चित्रांची भिंत याच जातीची. तीच नक्षी तुम्ही ब्रशने रंगवलीत तर ती मेलीच म्हणून समजा.

दुसरी रीत, ज्याला क्वेर्दा सेका म्हणतात. मँगनीज तेलात किंवा मेणात कालवून त्याने रेघ काढायची, रेघांच्या मधल्या घरांत ग्लेझ सोडायचं. तेलकट रेघ पातळ ग्लेझला पलीकडे जाऊ देत नाही, भट्टीत तेल जळून जातं आणि काळी बारीक रेघ उरते. आता त्या टाइल्स नीट बघा, प्रत्येक आकार बंद असतो, कुठेही उघडी रेघ सापडत नाही, कारण उघडी ठेवली तर रंग बाहेर पडेल. ते काही सौंदर्यशास्त्र वगैरे नाही, गळती बंद करायची सोय आहे.

तिसरी तुर्कस्तानातल्या इझनिकची. टाइलचं अंग क्वार्ट्झचं, पांढरं शुभ्र, त्यावर ब्रशने रंगवायचं आणि वरून पारदर्शक ग्लेझ. म्हणून तिथे फुलांचे देठ एका फटक्यात मारलेले दिसतात. सोळाव्या शतकातला त्यांचा तो टोमॅटोसारखा लाल तर बोटाला लागतो, इतका जाड थर असतो मातीचा.

तेव्हा आधी ठरवा, तुमच्या हाताला आणि भट्टीला यातलं काय जमतंय. मग नक्षी निवडा.

कौलारू

आर्किटेक्ट आहे, जुन्या वाड्यांची मोजमापं घेण्यात बरीच उन्हं डोक्यावर घेतलीत. भट्टीवाल्यांचं पटलं, पण त्यांचा नियम उलट्या बाजूनेही लावा. ज्या वस्तूवरून नक्षी घेताय ती वस्तू कशी घडली होती?

पैठणीचा मोर विणलेला आहे. आडवे धागे एकमेकांत अडकवत जातात, त्यामुळे त्याची कड पायऱ्यापायऱ्यांची असते. तुम्ही तो गुळगुळीत वेलबुट्टीसारखा काढलात म्हणून पत्रिका झाली. तो करायचाच तर एक-एक सेंटिमीटरच्या चौकोनी तुकड्यांत करा, पायऱ्या आपोआप येतील.

लाकडाचं वेगळं. विश्रामबागवाड्याचा दर्शनी भाग बघा, १८०७ च्या सुमाराचा. सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब, त्यावर केळफुलं, मधला सज्जा. तिथे रंग नाहीच आहे, सगळं काम सावलीने केलंय. त्याची आउटलाइन काढून आत रंग भरलात तर काहीच उरत नाही. अशा नक्षीला उठावाची टाइल लागते. प्लास्टरच्या साच्यात दाबून केळफूल उठवायचं आणि वर एकाच रंगाचं अर्धपारदर्शक ग्लेझ. ग्लेझ वितळलं की उंचवट्यावरून उतरून खाचेत साचतं, खाच गडद दिसते, उंचवटा फिका. लाकडात जे उन्हाने केलं ते इथे ग्लेझ करतं. व्हिक्टोरियन मजोलिका टाइल्स याच तत्त्वावर चालायच्या.

रविवारी वेळ असेल तर केळकर संग्रहालयात जा आणि नुसते दरवाजे बघा. आणि सोमवार पेठेतला त्रिशुंड गणपती. त्याच्या दर्शनी भिंतीवर गोरे शिपाई गेंड्याला साखळदंडाने बांधतायत असं शिल्प आहे, अठराव्या शतकातलं. खवटरावांना मोर नकोय ना, गेंडा घ्या.

पेठी_खवट

गेंडा चालेल. ओट्यामागे शोभेलही.

रेवडी

आमच्या आजोळी देवघराच्या भिंतीत रंगीत टाइल्स होत्या, लक्ष्मी, कृष्ण, कडेने गुलाब. वाडा पाडताना मामाने दोन वाचवल्या, मागे 'मेड इन जपान' उठवलेलं आहे. हे काय प्रकरण?

कौलारू

जपानी मजोलिका. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या टाइल्सची नक्कल करत जपानने स्वस्त माल काढला आणि हिंदुस्थानात भरपूर पाठवला, इथल्या गिऱ्हाइकासाठी रविवर्म्याच्या चित्रांवरून देवादिकांच्या टाइल्सही केल्या. तमिळनाडूत चेट्टिनाडच्या घरांत तर भिंतीच्या भिंती आहेत. तुमच्या दोन्ही सांभाळून ठेवा, आणि ॲसिडने पुसू नका. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी कधीकधी अशा टाइल्स दिसतात, पण पाठीला सिमेंट चिकटलेल्या आणि कोपरे उडालेल्या.

मृण्मयी_पेठ

रेवडी, त्या टाइलवर पातळ कागद ठेवून मेणाचा खडू आडवा घासून ठसा पाठवशील का? फोटोत उठाव कळत नाही.

बाकी भट्टीवाले आणि कौलारू, तुमच्या पोस्टी वाचून रात्री पुन्हा सगळे फोटो काढून बसले आणि अर्धे उडवले. आता असं डोक्यात आहे की ओट्यामागे केळफूल, उठावाचं, एकाच हिरव्यात. देवघरामागे ठिपक्यांची रांगोळी, रेघेची. जमेल?

स्वयंपाकघरसम्राज्ञी

उठावाची टाइल गॅसच्या मागे??? अगं फोडणी कोण पुसणार त्या केळफुलाच्या खाचेतून? तेल, हळद आणि धूळ बसली की सहा महिन्यांत तुझं अर्धपारदर्शक ग्लेझ पूर्ण अपारदर्शक होईल. उलट कर. गॅसमागे सपाट, देवघरामागे उठावाचं.

भट्टीवाला

सम्राज्ञींना माझं मत! आणि देवघरातला दिवा बाजूने उजेड टाकतो, उठाव तिथेच खुलेल.

रांगोळीचं रेघकाम भट्टीच्या दृष्टीनेही सोपं आहे. पातळ मातीची स्लिप मेंदीच्या कोनात भरायची आणि लेदर हार्ड, म्हणजे अर्धवट वाळून घट्ट झालेल्या टाइलवर रेघ सोडायची, बारीक बांध तयार होतो, बिस्क (ग्लेझशिवायची पहिली भाजणी) झाल्यावर त्या बांधांच्या आत ग्लेझ भरा. हात रांगोळीचा असेल तर रेघ थरथरत नाही. डिझाइन उतरवायला खाका करा, म्हणजे कागदावर रेघेवर सुईने भोकं पाडायची, कागद टाइलवर ठेवायचा आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी वरून आपटायची. ८० टाइल्सना एक कागद पुरत नाही, दोन-तीन करून ठेवा. कोळसा भट्टीत जळून जातो, डाग राहत नाही.

आता मापं, इथे लोक गडबडतात. १० फूट म्हणजे ३०५ सेंटिमीटर. १५ सेंटिमीटरच्या २० टाइल्स आणि मधले ३ मिलिमीटरचे १९ सांधे मिळून ३०५.७ होतात. बसणार नाही, आणि शेवटची हाताने केलेली टाइल कटरवर धरायची वेळ आली की जीव जातो. म्हणून तयार टाइल १४९ मिलिमीटरची धरा. उंचीत चार टाइल्स आणि तीन सांधे ६०.५ सेंटिमीटर, २ फुटांत बसलं. आता माती आकसणार. वाळून आणि भाजून किती आकसते ते तुमच्याच मातीची पट्टी करून, ओल्यात १० सेंटिमीटरची खूण करून, भाजल्यावर मोजा. ९ भरली तर १० टक्के, मग ओली टाइल १४९ भागिले ०.९, साधारण १६५.५ मिलिमीटरची कापायची. १०० टाइल्स तरी करा, वाकतात, फुटतात, एखाद्याचा रंग रुसतो.

वाकू नयेत म्हणून मातीत २०-३० टक्के ग्रॉग (भाजून कुटलेल्या मातीची भरड), जाडी १०-१२ मिलिमीटर, पाठीला खाचा, आणि वाळवणं हळू. पंख्याखाली ठेवू नका, दोन प्लायच्या मध्ये ठेवा आणि उलटत राहा. पुण्याच्या एप्रिलमध्ये कडा आधी वाळतात आणि कोपरे वर उचलतात, कडांना प्लास्टिक गुंडाळा.

मृण्मयी_पेठ

एप्रिल टाळते. माती कुठली घेऊ? केशवनगरच्या कुंभारवाड्यातली लाल माती घ्यायचा मोह होतोय.

भट्टीवाला

घ्या की, पण लाल अंगावर पारदर्शक हिरवा टाकला तर तो शेवाळी, मळकट दिसतो. आधी पांढऱ्या स्लिपचा हात द्यावा लागेल. नाहीतर ग्लेझच अपारदर्शक करा. जुन्या काळी त्यासाठी कथिलाचं ऑक्साइड घालायचे, हॉलंडच्या डेल्फ्ट टाइल्सचा पांढरा तोच. ते महाग आहे, हल्ली झिरकॉन १०-१२ टक्के घालतात. मात्र त्याने तुमचं खाचेत साचण्याचं काम बिघडेल, उठावाच्या टाइल्सना पारदर्शकच हवं.

रंगाचं म्हणाल तर कोबाल्ट अर्धा ते एक टक्का पुष्कळ झाला, जास्त घातलंत तर शाई होते. तांबं घातलं की अल्कलाइन ग्लेझमध्ये फिरोजी येतं आणि शिशाच्या ग्लेझमध्ये हिरवं, माल तोच. लोखंडाचं ऑक्साइड ३-५ टक्के घातलं की मधाचा रंग, जुन्या सागवानाच्या जवळ जाणारा. केळफुलाला हिरव्यापेक्षा तो जास्त शोभेल असं मला वाटतं.

लॅबमधली

शिशाचं नाव निघालंय म्हणून लिहिते. ग्लेझच्या जुन्या पाककृतींत शेंदूर किंवा लिथार्ज, म्हणजे शिशाचं ऑक्साइड असतं, ते घरात किंवा शेअर्ड स्टुडिओत अजिबात नको. 'भिंतीवरच तर लावायचंय, कोण चाटतंय' असं म्हणतात लोक, पण पावडर हाताळताना आणि भट्टीच्या धुरात ते तुमच्या फुप्फुसात जातं, भिंत नंतरची. शिसंविरहित बोरोसिलिकेट फ्रिट (वितळवून दळलेली काच) घ्या, फिरोजीसाठी सोडा जास्त असलेलं. क्वेर्दा सेकाच्या रेघेला मँगनीजऐवजी काळा स्टेन (तयार सिरॅमिक रंग) चालतो. आणि सुकलेल्या ग्लेझची झाडलोट झाडूने करू नका, ओल्या फडक्याने पुसा, सिलिकाची धूळ वाईट.

कौलारू

मधाचा रंग, +१.

रिपीटबद्दल, म्हणजे नक्षी टाइलमागून टाइल जुळत कशी जाते त्याबद्दल, कुणी बोललं नाही अजून. एका टाइलवर एक फूल मधोमध काढलं की ८० फुलं रांगेत उभी राहतात, शाळेच्या कवायतीला. फुलाचा पाव भाग टाइलच्या एका कोपऱ्यात काढा. चार टाइल्स फिरवून लावल्या की फूल पूर्ण होतं, आणि त्याच टाइल्स वेगळ्या फिरवल्या की वेगळी नक्षी. तपासायला सॉफ्टवेअर नको, डिझाइनचा कागद मधून आडवा-उभा कापा, चार तुकडे तिरके अदलाबदल करून चिकटवा, जे काठ होते ते आता मधे आलेले असतात, तिथे रेघ तुटली की लगेच दिसतं. रेघ काठाला जिथे भेटते तो बिंदू काठाच्या बरोबर मध्यावर ठेवलात तर कुठलीही टाइल कुठेही जुळते. हाताने केलेल्या टाइलमध्ये एखादा मिलिमीटर इकडेतिकडे होणारच, म्हणून काठाशी येणारी रेघ जरा जाड ठेवा, बारीक रेघेचा तुटकपणा लगेच डोळ्यात भरतो.

दख्खनी_भटक्या

सगळ्या सारख्या हव्यातच कशाला? कोचीनच्या परदेशी सिनेगॉगची जमीन १७६२ ची, चीनहून आलेल्या निळ्या-पांढऱ्या हाताने रंगवलेल्या टाइल्स, दोन टाइल्स सारख्या नाहीत म्हणतात. लांबून एकच दिसतं, खाली बसून बघायला लागलं की तासभर जातो.

मुंबईला जाणं झालं तर भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात जे.जे. स्कूलची जुनी पॉटरी बघा. १८७० च्या दशकात जॉर्ज टेरीच्या देखरेखीखाली तिथे काम सुरू झालं, अजिंठ्याच्या नक्षीवरून भांडी केली. म्हणजे भित्तिचित्रावरून ग्लेझवर न्यायचा खटाटोप आपल्याकडे दीडशे वर्षांपूर्वी होऊन गेलाय. काही भांडी अप्रतिम, काहींत नक्षी नुसती गोल गुंडाळलीये असं वाटतं. दोन्ही बघण्यासारखं. जाताना पायाखालची मिंटन या इंग्लिश कारखान्याची फरशीही बघा.

सिमेंटशेठ

एवढ्या उचापती करण्यापेक्षा जुन्या पद्धतीच्या सिमेंटच्या नक्षीदार टाइल्स का नाही लावत? हाताने साच्यात रंग ओततात, प्रेस करतात, भट्टी नको काही नको. पेठांतल्या कितीतरी जुन्या घरांत आहेत.

भट्टीवाला

शेठ, सुंदरच असतात, पण त्या जमिनीच्या. त्यावर ग्लेझ नसतं, चिंच-लिंबू सांडलं की सिमेंटला डाग पडतो. ओट्यामागे नको. आणि उलटही सांगून ठेवतो, ताईंच्या या टाइल्स जमिनीवर लावू नका, मऊ ग्लेझवर वाळूचे चरे पडतात आणि ओल्या पायाने घसरायला होतं.

मृण्मयी_पेठ

अपडेट. देवघराचं केळफूल मातीत उठवून साचा घेतला, टेस्ट टाइल्स १०६० अंश सेल्सिअसला भाजल्या. मधाचा रंग खाचेत असा साचलाय की आईने लांबून 'लाकूड आहे का' विचारलं. रांगोळीच्या टाइल्समध्ये मात्र फिरोजी ग्लेझला केसासारखे बारीक तडे गेलेत, भट्टी पूर्ण गार झाल्यावर उघडली होती तरी. मला तडे दिसायला आवडतायत. चालतील?

भट्टीवाला

ते क्रेझिंग. गार होताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसतं, म्हणून ताण येऊन फाटतं. सोडा जास्त असलेल्या फिरोजीत हे ठरलेलंच, जुन्या फिरोजी टाइल्सवरही असतं. घालवायचं असेल तर ग्लेझमध्ये सिलिका थोडी थोडी वाढवत टेस्ट करा, किंवा थर पातळ द्या. ठेवायचं असेल तर भिंतीसाठी चालेल, फक्त सांध्यांत ग्राउट (सांधे बुजवायचा मसाला) भरायच्या आधी सीलर लावा. नाहीतर ग्राउटचा रंग तड्यांत शिरतो आणि मग कुठल्याही फडक्याने निघत नाही.

स्वयंपाकघरसम्राज्ञी

आणि हळद पण शिरते. सीलर दोन हात मार.

मृण्मयी_पेठ

मारते. फिटिंगवाला म्हणतोय सांधा सोडायचाच नाही, टाइलला टाइल भिडवून लावू, 'प्रीमियम लुक' येतो.

कौलारू

त्याला स्पेसर तुम्हीच आणून द्या, ३ मिलिमीटरचे, आणि पहिली ओळ लावताना समोर उभ्या राहा. हाताच्या टाइल्स भिडवल्या की चौथ्या-पाचव्या टाइलपासून ओळ सरकायला लागते. पाठ उंचसखल असणार, म्हणून ॲडहेसिव्ह भिंतीला आणि टाइलच्या पाठीला, दोन्हीकडे लावायला सांगा. लावायच्या आधी सगळ्या टाइल्स जमिनीवर मांडून, रंगाने गडद-फिक्या मिसळून, पाठीवर पेन्सिलने नंबर टाका. चिमणीच्या पाइपामागे रुसलेल्या रंगाच्या लावा.

पेठी_खवट

आणि गेंडा?

मृण्मयी_पेठ

पाइपाच्या उजवीकडे, खालून दुसऱ्या ओळीत. रांगोळीच्या घरात बसवलाय, साखळदंड काढून.

पेठी_खवट

मग फोटो टाका, बघू.